दगडगोट्यांवर घडलेली बुलेट (थ्रेड)

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बुलेट दिसण्याआधी ऐकू येते. वाड्याच्या फाटकाशी, पोलीस ठाण्याच्या आवारात आणि हल्ली महाविद्यालयाच्या कट्ट्यापाशी उभी असलेली ही गाडी म्हणजे रुबाब, आणि तिचा संथ, जड 'धक् धक्' म्हणजे त्या रुबाबाची द्वाही. नाव मात्र बंदुकीच्या गोळीचे. नावावरून कुणालाही वाटेल की ही गाडी वेगासाठी जन्मली.

प्रत्यक्षात आज आपण ओळखतो त्या बुलेटची पहिली जाहीर परीक्षा चालत्या माणसाच्या गतीने झाली. ती झाली चिखलात, झाडांच्या मुळांवर आणि ओढ्यांतल्या शेवाळलेल्या दगडांवर. त्या परीक्षेचा आणि तिच्या आवाजाचा जवळचा संबंध आहे.

गोष्ट इंग्लंडमधल्या रेडिच या गावापासून सुरू होते. रेडिच हे सुयांचे गाव. जगभर शिवणाच्या सुया पुरवणाऱ्या या गावात १८५१ साली स्थापन झालेली एक सुयांची पेढी पुढे सायकलींकडे वळली, एन्फील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरवू लागली आणि त्या नात्यातून 'रॉयल एन्फील्ड' हे नाव रूढ झाले. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे तिचे बोधवाक्य. १९०१ मध्ये पहिली मोटारसायकल आली आणि १९३२ मध्ये 'बुलेट' हे नाव. पण १९३२ ची बुलेट ही आजच्या बुलेटची केवळ नावाची पूर्वज आहे. तिचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले होते, आणि खरा वाद याच चाकाचा आहे.

हा वाद समजण्यासाठी इंग्लंडमधली 'ट्रायल' नावाची स्पर्धा समजून घ्यावी लागते. तीत कोण पुढे पोहोचला याला फारसे महत्त्व नसते. रानातल्या वाटेवर काही अवघड टप्पे दोरी बांधून आखलेले असतात. कुठे ओढ्याचे पात्र, कुठे खडकांची चढण, कुठे मुळांनी विणलेला उतार. प्रत्येक टप्प्यापाशी हातात कागद घेतलेला एक परीक्षक उभा असतो. स्वाराने पाय जमिनीला न टेकवता तो टप्पा पार करायचा. एकदा पाय टेकला की एक गुण दंड, वारंवार टेकला तर तीन, आणि गाडी थांबली वा टप्प्याबाहेर गेली तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. हजारो प्रेक्षक भर पावसात उभे राहून कुणाचा बूट खडकाला लागतो का, हे श्वास रोखून पाहतात. शर्यतीची सवय असलेल्या डोळ्यांना हा प्रकार काहीसा विनोदी वाटेल. पण लगोर रचताना हात थरथरू न देणे जितके कठीण, तितकेच हेही.

या स्पर्धांची पंढरी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेश. तिथली 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' १९०९ मध्ये सुरू झाली तेव्हा पाच दिवसांची होती. पुढे सहा दिवसांची झाली. फोर्ट विल्यम गावाच्या परिसरात, ब्रिटनमधले सर्वोच्च शिखर असलेल्या बेन नेव्हिसच्या छायेत, मे महिन्यात ती भरते. किनलॉकलेव्हन गावाजवळचा 'पाइपलाइन' नावाचा तिचा एक टप्पा तर स्वारांच्या दंतकथांत जाऊन बसला आहे. जलवाहिनीच्या कडेने सरळ वर चढत जाणारा सुट्या दगडांचा तो खडा चढ आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या खेळातल्या जाणत्यांचे एक ठाम मत होते: मागच्या चाकाला स्प्रिंग नको. पुढच्या चाकाला एव्हाना दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे फोर्क आले होते, ते मान्य होते. मागचे चाक मात्र सांगाड्याला जखडलेलेच बरे. त्यामागे तर्क होता. जखडलेल्या चाकाखाली नेमके काय चालले आहे ते स्वाराला पाठीच्या कण्यातून कळते, आणि स्प्रिंगांमुळे वजन वाढते, गाडी डोलते. त्या काळच्या अनेक स्प्रिंग-योजना खरोखरच डोलत होत्या, त्यामुळे हे मत निव्वळ हटवादीपणाचे नव्हते. निकालही त्याच बाजूचे होते. ह्यू व्हायनी या स्वाराने एजेएस गाडीवर १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षे स्कॉटिश स्पर्धा जिंकली, आणि त्याच्या गाडीचे मागचे चाक जखडलेले होते.

रेडिचच्या अभियंत्यांनी नेमके याच मताविरुद्ध जाण्याचे ठरवले. टोनी विल्सन-जोन्स हे तिथले प्रमुख अभियंते. इंजिनाची आखणी टेड पार्डो यांची. १९४८ च्या आरंभी कोल्मोर चषकाच्या ट्रायलमध्ये त्यांनी ३५० सीसी बुलेटचे नवे नमुने उतरवले. त्यांचे मागचे चाक एका झुलत्या दुहेरी दांड्यावर बसवलेले होते, ज्याला आज आपण स्विंगआर्म म्हणतो, आणि दोन्ही बाजूंना तेलाचे दाब-शोषक होते. गॅरेजच्या भाषेत, शॉकअप. आज साध्या स्कूटरलाही शॉकअप असतात, म्हणून त्या वेळच्या भुवया का उंचावल्या असतील हे समजणे कठीण जाते.

खडकावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. जखडलेले चाक धोंड्यावर आदळले की अख्खी गाडी उसळते. चाक क्षणभर अधांतरी राहते, अधांतरी चाक भरभर फिरते आणि परत टेकताच घसरते. घसरले की स्वाराचा पाय आपोआप जमिनीकडे जातो आणि परीक्षकाची पेन्सिल कागदाकडे. झुलता दांडा असेल तर उसळते ते फक्त चाक. सांगाडा आणि स्वार जवळपास जागीच राहतात, आणि चाक पुन्हा लगेच जमिनीला भिडते. रेडिचचा दावा इतकाच होता: स्प्रिंग आरामासाठी नाही, पकडीसाठी आहे.

दावा एका दिवसाच्या ट्रायलमध्ये सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलचा उपयोग झाला. १९१३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत कसोटी होती ती टिकाऊपणाची. सहा दिवस डोंगरी वाटा ठरलेल्या वेळेत कापायच्या आणि बिघाड झाला तर जवळच्या हत्यारांनी स्वतःच दुरुस्त करायचा. तिथले सुवर्णपदक म्हणजे पहिला क्रमांक असा अनेकांचा समज होतो. तसे नाही, एकही गुण न गमावता सहाही दिवस पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळे. ब्रिटनच्या संघात दोन बुलेट होत्या, चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन यांच्या. दोघांनाही सुवर्णपदक मिळाले आणि संघाने मानाची ट्रॉफी जिंकली. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, ही बुलेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली.

व्हिक ब्रिटन यांचा मुलगा जॉनी याने १९५२ मध्ये ३५० सीसी बुलेटवर स्कॉटिश स्पर्धा जिंकली. तेव्हा तो नुकताच विशीत आला होता. १९५७ मध्ये रॉयल एन्फील्डवरच त्याने ती पुन्हा जिंकली. बापाने टिकाऊपणा सिद्ध केला आणि लेकाने तोल, असे म्हणायला हरकत नाही.

आता आवाजाकडे वळू. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. एकूण ३४६ सीसी. व्यासापेक्षा धाव लांब, आणि जोडीला जड फ्लायव्हील. असे इंजिन फार वेगाने फिरू शकत नाही, पण अगदी कमी फेऱ्यांवरही ते बंद पडत नाही, भार खेचत राहते. खडकाळ चढावर माणसाच्या पावलाच्या गतीने जाताना नेमके हेच लागते. तिथे इंजिनाचा एकेक ठोका वेगळा मोजता यावा इतक्या संथपणे गाडी चढते. ज्या 'धक् धक्'साठी आज सायलेन्सर बदलले जातात आणि पोलिसांच्या पावत्या फाडल्या जातात, तो मुळात रानातल्या दगडांवरून हळू चालण्याच्या सोयीचा आवाज आहे. फेऱ्या कमी, म्हणून ठोके सुटे. गाडी मोठ्याने ओरडते यात तिच्या घडणीचा वाटा फार थोडा आहे. तो बहुधा मालकाचा असतो.

ही गाडी भारतात आली ती रुबाबासाठी नव्हे. के. आर. सुंदरम अय्यर यांची मद्रास मोटर्स ही संस्था १९४९ पासून ब्रिटिश मोटारसायकली आयात करत होती. १९५२ मध्ये, म्हणजे जॉनी ब्रिटनच्या विजयाच्याच वर्षी, तिला भारतीय सैन्याकडून बुलेटची मागणी मिळाली. १९५३ च्या आरंभी गाड्या पोहोचल्या आणि दणकट व दुरुस्तीला सोप्या म्हणून पसंत पडल्या. नव्याने आखल्या गेलेल्या सीमा, नावापुरते रस्ते आणि जवळपास मेकॅनिक नाही, ही सैन्याची गरज आणि सहा दिवसांच्या ट्रायलची अट शेजारी ठेवून पाहावी: ठरलेल्या वेळेत, वाईट वाटेने, आपल्याच हत्यारांनिशी. बोधवाक्यातल्या बंदुकीपेक्षा हे साम्य अधिक बोलके आहे.

१९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून 'एन्फील्ड इंडिया' स्थापन केली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. पहिल्या गाड्या सुट्या भागांच्या रूपात इंग्लंडहून येत आणि इथे जोडल्या जात. १९५६ अखेर अशा १६३ बुलेट तयार झाल्या होत्या.

यानंतर दोन बहिणींच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५९ मध्ये इंग्लंडने बुलेटच्या गिअरच्या प्रमाणात बदल केला. सैन्याला ठरलेल्या नमुन्याच्याच गाड्या पुरवण्याची बांधिलकी असल्याने मद्रासने तो स्वीकारला नाही. १९६२ मध्ये इंग्लंडमधली बुलेट बंद झाली, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना मिटला आणि १९७० मध्ये मूळ कंपनीही संपली. बंदिस्त अर्थव्यवस्थेच्या आडोशाला मद्रासची बुलेट मात्र जवळजवळ जशीच्या तशी निघत राहिली. उजव्या पायाला गिअर, पहिला वर आणि बाकीचे खाली. शेजारी थेट न्यूट्रल शोधून देणारा चिमुकला खटका. किक मारण्याआधी अँमीटरची सुई मध्यावर आणण्याचा तो विधी. हे सगळे भारतीय वैशिष्ट्य म्हणून मिरवले जाते, पण ते रेडिचचे जतन झालेले वर्तमान होते.

दरम्यान खुद्द स्कॉटलंडच्या दगडांवर जड इंजिनांचे राज्य संपत आले होते. बेलफास्टचा सॅमी मिलर ५०० सीसी एरिएलवर तिथला सम्राट झाला होता. तिचे वजन कमी करण्यासाठी त्याने एकेक भाग बदलून पाहिला होता. १९६४ मध्ये ती गाडी सोडून तो स्पेनला बुल्ताको कंपनीकडे गेला. बार्सिलोनाच्या परिसरात पंधरवड्याच्या आत त्याने तिथल्या कारागिरांसह एका नव्या गाडीला आकार दिला. 'शेर्पा' हे तिचे नाव. २४४ सीसीचे दोन-धावी इंजिन आणि वजन शंभर किलोंच्या आत. तुलनेला, रस्त्यावरची बुलेट दीडशे किलोंहून अधिक भरते. ब्रिटिश कारखान्यांत जन्मभर घालवलेल्या माणसांनी या फिरंगी पोराकडे पाहून नाके मुरडली. १९६५ च्या मे महिन्यात मिलरने शेर्पावर स्कॉटिश स्पर्धा जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. काही वर्षांतच त्या डोंगरांतून चार-धावी ठोक्यांचा आवाज जवळपास नाहीसा झाला.

बुलेटचा झुलता दांडा मात्र शेर्पालाही होता. तोवर त्याशिवाय ट्रायलची गाडी बांधावी असे कुणाच्या मनातही येत नव्हते. ज्या कल्पनेसाठी रेडिचने जाणत्यांचा रोष पत्करला, ती शत्रूच्या गोटात सर्वमान्य होऊन बसली होती.

१९७७ मध्ये एन्फील्ड इंडियाने बुलेट ब्रिटन आणि युरोपात निर्यात करायला सुरुवात केली. जिथून आराखडे आले तिथेच तयार गाड्या परत निघाल्या, आणि वयस्क इंग्रज ग्राहकांना आपल्या तारुण्यातली गाडी कोरी करकरीत मिळू लागली.

किनलॉकलेव्हनला आजही मुख्य स्पर्धेच्या तोंडावर जुन्या गाड्यांची एक स्वतंत्र ट्रायल भरते. तिचे नाव 'प्री-सिक्स्टीफाइव्ह', म्हणजे १९६५ पूर्वीच्या घडणीच्या गाड्यांसाठी. सीमारेषा नेमकी त्याच वर्षी का, हे तिथे कुणी विचारत नाही. पाऊस बहुधा असतोच. दोरीमागे छत्र्या घेतलेली माणसे उभी राहतात, आणि 'पाइपलाइन'च्या पायथ्याकडून, गाडी दिसण्याआधी, तो सुटा सुटा ठोका ऐकू येतो.