घशाच्या कर्करोगाचे भाकीत : आरशापासून जनुकावरील खुणेपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाचे स्वरयंत्र वैद्यांच्या दृष्टीआड होते आणि आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास कोंडणे या लक्षणांवरूनच आतल्या रोगाचा अंदाज बांधावा लागे. १८५४ मध्ये मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने घशात लहानसा आरसा धरून, त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. टुर्क आणि चेर्माक या वैद्यांनी काही वर्षांतच त्या आरशाला रोगनिदानाचे साधन बनवले. ३१ डिसेंबर १८७३ रोजी शल्यविशारद बिलरोथ यांनी व्हिएन्नात कर्करोगग्रस्त स्वरयंत्र समूळ काढले. रोगी शस्त्रक्रियेतून वाचला, परंतु काही महिन्यांतच रोग उलटून तो दगावला. गाठ दिसू लागली होती, काढताही येऊ लागली होती. ती पुढे कशी वागेल, हे मात्र कळत नव्हते.

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या आजारपणात हे अज्ञान साऱ्या युरोपासमोर उघडे पडले. १८८७ च्या आरंभी त्याचा आवाज बसला. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय येऊन त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली, पण लंडनहून आलेले घशाचे वैद्य मॉरेल मॅकेन्झी यांनी आधी उतीचा, म्हणजे पेशीसमूहाचा, तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. त्यांनी चिमट्याने काढलेल्या बारीकशा तुकड्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांना कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये सम्राट झालेला फ्रेडरिक ९९ दिवस राज्य करून १५ जूनला मरण पावला, आणि शवविच्छेदनात कर्करोगच निघाला. फिरखो यांची नजर चुकली की तुकडाच रोगाच्या जागेचा नव्हता, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

विसाव्या शतकात भाकिताला शिस्त आली. फ्रान्समधील पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात गाठीचा आकार, लसिका ग्रंथींतील प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन कसोट्यांवर टीएनएम ही पद्धत उभारली. तथापि एकाच टप्प्यावरील दोन रोग्यांपैकी एक बरा होई आणि दुसऱ्याचा रोग उलटे. हा भेद आकारात नव्हे, पेशींच्या अंतरंगात होता.

त्या अंतरंगाचे एक दार अधिजनुकशास्त्राने उघडले. ‘एपिजेनेटिक्स’ ही त्याची इंग्रजी संज्ञा जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केली. जनुकातील अक्षरांचा क्रम न बदलता जनुक चालू वा बंद ठेवणाऱ्या यंत्रणांचा अभ्यास, असा तिचा आजचा अर्थ आहे. मेथिलीकरण, म्हणजे डीएनएवर मेथिल हा छोटा रासायनिक गट चिकटणे, ही त्यांतील प्रमुख यंत्रणा होय. पेशीच्या विभाजनाला आवर घालणारे पी १६ हे जनुक डोके व मानेच्या कर्करोगांसह अनेक कर्करोगांत मेथिलीकरणामुळे मुके झालेले असते, असे १९९५ मध्ये दाखवण्यात आले, आणि २००० पर्यंत मेथिलीकरणाच्या अशा खुणा रोग्यांच्या रक्तद्रवातही सापडू लागल्या.

याच पी १६ ने पुढे अभ्यासकांना सावधही केले. मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या मुखग्रसनीच्या, म्हणजे टॉन्सिल व जिभेच्या मुळाकडील भागाच्या, कर्करोगात पी १६ प्रथिन दबण्याऐवजी भरमसाट वाढते. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात विषाणूजन्य रोग असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के, तर इतरांपैकी ५७ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. पुढे टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत पी १६ प्रथिनाच्या चाचणीवरून या रोगाचे टप्पे वेगळे ठरवले गेले. मेथिलीकरणाच्या खुणांना मात्र टप्पे ठरवण्यात असे स्थान मिळालेले नाही, कारण वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सर्वत्र जुळत नाहीत.

एकाच खुणेचा अर्थ रोगाच्या कारणानुसार बदलतो, हा धडा महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने घशाच्या ज्या कर्करोगाशी दशकानुदशके झुंज दिली, त्याच्या मुळाशी येथे प्रामुख्याने तंबाखू आणि विडी आहे. म्हणून विषाणूजन्य रोगाच्या रुग्णांवर पारखलेली खूण येथील रुग्णांवर पुन्हा पारखूनच वापरणे योग्य ठरते. फ्रेडरिकच्या घशातला तुकडा जेथून काढला तेवढ्याच जागेची साक्ष देऊ शकत होता. जनुकावरील खूणही ज्या रुग्णांत तपासली गेली, त्यांच्यापुरतीच साक्ष देते.