पेशींतील लेखनिक आणि त्याचे प्रमाद

पुण्याजवळील पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. प्रथम पेनिसिलिन व पुढें स्ट्रेप्टोमायसीनही तेथें तयार होऊं लागलें. हें दुसरें औषध १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शात्झ यांनीं मातींतील एका सूक्ष्मजंतूपासून मिळविलें होतें. त्यानें असंख्य क्षयरोग्यांस जीवदान दिलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु जीवशास्त्रांत त्यानें बजावलेली दुसरी कामगिरी तितकी परिचित नाहीं.

प्रत्येक पेशींत प्रथिनें घडविणारे रायबोसोम नांवाचे अतिसूक्ष्म कण असतात. आनुवंशिक संदेशांतील तीन-तीन अक्षरें वाचून ते अमिनो आम्लें क्रमानें जोडीत जातात. पोथीची नक्कल करणारा दक्ष लेखनिकही क्वचित् चुकतो, तसेंच यांचें होतें. साधारणतः एक ते दहा हजार जोडण्यांमागें एखादा प्रमाद घडतो. स्ट्रेप्टोमायसीनच्या स्पर्शानें मात्र हा लेखनिक भलतेंच वाचूं लागतो, असें १९६४ सालीं डेव्हिस, गिल्बर्ट व गोरिनी यांनीं दाखविलें. अचूकपणा हा अढळ नसून तो ढळूं शकतो, हें त्यावरून उघड झालें.

मग औषधावांचूनही तो ढळतो काय? अन्न मुबलक असतां जंतूंची संख्या झपाट्यानें दुणावते. अन्न सरलें कीं वाढ थांबते. अशा थांबलेल्या जंतूंत वाचनाची चौकट घसरण्याचें प्रमाण वाढतें, असें १९९६ सालीं गॅलंट प्रभृति संशोधकांस आढळलें. २०१० सालीं जेरुसलेम येथें बेसिलस सबटिलिस या जंतूंतही वाढ मंदावतांना चुका वाढल्याचें दिसलें. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला म्हणजे लेखनिकास योग्य अक्षराची वाट पाहावी लागते, आणि त्या खोळंब्यांत चूक होण्याचा संभव वाढतो. अर्थात् सर्व प्रकारच्या चुका सारख्याच वाढतात, असें नाहीं.

येथें पुन्हां स्ट्रेप्टोमायसीनच उपयोगी पडलें. त्यास दाद न देणाऱ्या कांहीं जंतूंचे रायबोसोम अधिक काटेकोर असतात. अशा जंतूंत उपासमारीच्या काळांतही बिघडलेलीं प्रथिनें कमी सांचतात, असें स्वीडनमधील नीस्ट्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं सिद्ध केलें. परंतु अति काटेकोरपणाची किंमत बहुधा मंद वाढीनें चुकवावी लागते.

चुका म्हणजे केवळ हानीच, असेंही नाहीं. २०१४ सालीं बाबक जाविद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्षयजंतूंच्या कुळांत दाखविलें कीं, प्रथिनांतील प्रमादांमुळें कांहीं जंतू रिफॅम्पिसिनच्या माऱ्यांतूनही तग धरतात. क्षयरोग्यास बरें वाटूं लागल्यावरही महिनोन् महिने औषध सोडूं नये, असें वैद्य बजावतात. कारण बहुतेक जंतू मेल्यावरही मंद वाढीचे व चिवट असे थोडे मागें राहतात. ज्या औषधानें लेखनिकाची चूक उघडकीस आणली, त्याच रोगाच्या उपचारांत ती चूक जाणून घेणें आज अगत्याचें ठरलें आहे.