मांडवीकांठची राजधानी

बंदरांचा इतिहास लिहितांना इतिहासकारांची दृष्टि सहसा समुद्राकडे लागलेली असते. कोणतीं गलबतें आलीं, कोणता माल उतरला, कोणत्या आरमारानें नाकेबंदी केली, हें सारें विस्तारानें सांगितलें जातें. पण बंदर उभें असतें तें जमिनीवर, आणि ती जमीन बहुधा पाण्यापासूनच मिळविलेली असते. वस्ती वाढूं लागली कीं पाण्याला मागें सारावें लागतें. तें कोणत्या रीतीनें सारलें आणि गांवांतलें सांडपाणी कोणीकडे वळविलें, ह्यावर त्या शहराचें आयुष्य पुष्कळसें अवलंबून राहतें. मांडवी नदीच्या मुखाजवळची पणजी हें ह्याचें बोलकें उदाहरण आहे. कारण ज्या शहराच्या ऱ्हासांतून ती वर आली, त्या शहराच्या नाशाला पाण्याची हेळसांड हें एक मोठें कारण झालें होतें.

पणजी ज्या तिसवाडी बेटावर वसली आहे, त्याच्या उत्तरेस मांडवी आणि दक्षिणेस जुवारी ह्या नद्या आहेत. दोहोंतही समुद्राची भरती कित्येक मैल आंत चढते आणि कांठचा सखल प्रदेश खाऱ्या पाण्याखालीं जाऊं पाहतो. अशा जमिनी लागवडीस आणण्याची युक्ति गोव्यांतील गांवकऱ्यांनीं पोर्तुगीज येण्याच्या पुष्कळ आधीं साधली होती. चिखल, दगड आणि गवत ह्यांचे बांध घालून त्यांनीं खाड्यांचे कांठ अडविले, आणि बांधांत ‘मानस’ नांवाचीं लांकडी दारें बसविलीं. भरतीचा लोट बाहेरून आला कीं हीं दारें आपोआप मिटत, आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडत. ह्या खाजन जमिनींत पावसाळ्यांत भात पिके, दारांच्या तोंडाशीं मासळी मिळे, आणि उन्हाळ्यांत कोठें कोठें मीठ पिकविलें जाई. बांधांची डागडुजी ही साऱ्या गांवाची जबाबदारी असे. कारण एका ठिकाणीं बांध फुटला तर खारें पाणी सर्वांच्याच शेतांत शिरे. पाणी येणार आणि जाणार, हें गृहीत धरूनच ही सारी व्यवस्था उभी होती.

ह्याच बेटावर, पणजीहून नदीनें कांहीं मैल वर, जुनें गोवें होतें. आदिलशाही अमलांतलें हें बंदर २५ नोव्हेंबर १५१० रोजीं अफोंसो द आल्बुकेर्क ह्यानें दुसऱ्यांदा आणि कायमचें जिंकून घेतलें, आणि पुढें तें पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झालें. सोळाव्या शतकांत त्याची भरभराट एवढी झाली कीं, ज्यानें गोवें पाहिलें त्यानें लिस्बन पाहिलें नाहीं तरी चालेल, अशी म्हण पोर्तुगीज भाषेंत रूढ झाली. पण माणसें वाढलीं त्या मानानें पाण्याची व्यवस्था वाढली नाहीं. जांभा दगडाची ती जमीन सच्छिद्र. घरांतला मैला तींत मुरून विहिरींत उतरे आणि तेंच पाणी लोक पीत. सन १५४३ मध्यें पटकीची मोठी सांथ आली. ह्या रोगाला येथील लोक मोडशी म्हणत. पोर्तुगिजांनीं तोच शब्द थोडा मोडून आपल्या भाषेंत घेतला, आणि गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या रोगाचें वर्णन केलें. कोकणांतला एक साधा घरगुती शब्द युरोपच्या वैद्यकग्रंथांत जाऊन बसला तो अशा दुर्दैवी निमित्तानें.

पुढच्या शतकांत तापाच्या आणि पटकीच्या सांथी पुनः पुनः आल्या. डच आरमारानें व्यापाराची कोंडी केली. सन १६८३ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांच्या सैन्यानें राजधानीच्या जवळचा जुवें बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हां तर शहराचा धीरच सुटला. विजरई, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधि, कोंदे द आल्व्होर ह्यानें राजधानी मुरगांवला हलविण्याचा घाट घातला. तेथें बांधकामही सुरू झालें, पण तें तडीस गेलें नाहीं. ज्यांना शक्य होतें ते एकेक करून शहर सोडूं लागले. ओस पडलेल्या घरांचे चिरे ढासळले, नाल्या तुंबल्या, डबकीं सांचलीं. आणि तापानें माणसें जावीं, माणसें गेल्यानें डबकीं वाढावीं, असें एक दुष्टचक्र सुरू झालें.

पणजी त्या काळीं ताळगांवचा एक कोपरा होती. नदीकांठीं आदिलशहाचा वाडा, टेकडीच्या उतारावर १५४१ सालीं प्रथम बांधलेलें चर्च, खारव्यांच्या झोंपड्या, माडांच्या बागा आणि बाकी सारी दलदल, एवढाच काय तो तिचा पसारा. लिस्बनहून सुखरूप पोंचलेले खलाशी प्रथम येथें उतरून चर्चमध्यें आभाराची प्रार्थना करीत आणि मग राजधानीकडे जात. पूर्वेला रायबंदरापर्यंत खाजन जमिनी आणि मिठागरें पसरलेलीं होतीं. त्यांच्यामधून सन १६३३–३४ मध्यें विजरई कोंदे द लिन्यारिश ह्याच्या कारकीर्दींत सुमारें दोन मैल लांबीचा दगडी बांध-रस्ता घालण्यांत आला, आणि खालून पाणी खेळावें म्हणून त्याला कमानी ठेवण्यांत आल्या. पणजी राजधानीला पायवाटेनें जोडली गेली ती तेव्हां. पुढें शंभर-सव्वाशें वर्षांनीं त्याच रस्त्यानें राजधानीच पणजीकडे चालत येईल, हें बांधणाऱ्यांच्या ध्यानींमनींही नसेल.

सन १७५९ मध्यें विजरईनें आपला मुक्काम जुन्या गोव्याहून हलविला आणि आदिलशहाचा तो वाडा डागडुजी करून राहण्यास घेतला. लिस्बनच्या दरबाराला मात्र जुन्या वैभवाचा मोह सुटत नव्हता. प्रधान मार्की द पोंबाल ह्यानें १७७४ सालीं जुनें शहर पुनः वसविण्याच्या सूचना धाडल्या. मजूर कामाला लागले, पैसाही खर्च झाला; परंतु त्या रोगट जागेंत कामकरीच तापानें पडूं लागले आणि बेत सोडून द्यावा लागला. मेलेलें शहर हुकुमानें जिवंत होत नाहीं, हा धडा राज्यकर्त्यांना पुरेसा महागांत पडला.

नव्या जागेची खरी घडण झाली ती दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु ह्याच्या अमदानींत, १८२७ ते १८३५ ह्या काळांत. त्यानें दलदल बुजवून सरळ रस्ते आंखले, नदीकांठाला आकार दिला, लष्करासाठीं भव्य इमारत बांधली आणि सरकारी कचेऱ्या पणजींत आणल्या. सन १८३२ मध्यें येथें सार्वजनिक ग्रंथालय निघालें, १८४२ मध्यें वैद्यकशाळा स्थापन झाली, आणि २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेनें पणजीला ‘नोव्हा गोवा’, म्हणजे नवें गोवें, हें नांव आणि शहराचा दर्जा मिळाला. ह्या वाढीबरोबर समाजाची रचनाही बदलली. पोर्तुगीज अमलाच्या आरंभीच्या धर्मच्छळांत ताळगांवची महालक्ष्मी नदीपलीकडे मयें गांवीं गेली होती. तिला पणजींत देऊळ बांधण्यास १८१८ सालीं परवानगी मिळाली. कारकून, व्यापारी आणि कारागीर ह्यांच्यावांचून राजधानी चालत नाहीं, आणि त्यांच्या देवाला जागा दिल्यावांचून ते नांदत नाहींत, हें सरकारला उमगलें होतें.

नवें शहर उभें राहिलें तें जुन्याच्या अवशेषांवर. सन १८३५ मध्यें धार्मिक संघांचे मठ बंद झाल्यावर जुन्या गोव्यांतील मोठमोठ्या वास्तु बेवारस झाल्या आणि त्यांचे चिरे व खांब पणजीच्या कामीं आले. पडक्या वास्तूंचे कोरीव खांब शहराच्या चौकांतील आल्बुकेर्कच्या पुतळ्यावरील मंडपास लागले. ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यावरील प्रचंड घंटा आधीं आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ सालापासून पणजीच्या चर्चवर वाजूं लागली. मात्र दगडांबरोबर एक शहाणपणही तेव्हां आणलें गेलें, असें म्हणतां येईल. मधली दलदल बुजविली, तरी पश्चिमेची सांतिनेजची खाडी आणि पूर्वेची ओरेंची खाडी ह्या दोन्ही वाहत्या राहिल्या. टेकडीवरून उतरणारें पावसाचें पाणी त्यांतून नदीला मिळे.

पुढचीं शंभर-सव्वाशें वर्षें पणजी लहानच राहिली. सन १८८८ मध्यें मुरगांवचें बंदर आणि आगगाडी सुरू झाली व मोठा समुद्री व्यापार तिकडे वळला. पणजीच्या धक्क्याला राहिली ती उतारूंची वर्दळ. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशी बंदरें घेत येथें लागे, आणि समोरच्या बेतीहून होड्या ये-जा करीत. नोकरीसाठीं मुंबईस गेलेल्या कित्येक गोमंतकीय कुटुंबांना आपला मुलूख प्रथम दिसे तो ह्याच धक्क्यावरून. नदी हा तेव्हां शहराचा दर्शनी दरवाजा होता. सरकारी इमारती तिच्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि हें चित्र पालटलें. कचेऱ्या, महाविद्यालयें, पेढ्या आणि उपाहारगृहें वाढलीं. सन १९७० मध्यें मांडवीवर पूल झाला आणि उत्तरेकडील लोंढा शहरांत येऊं लागला. ५ जुलै १९८६ रोजीं तो पूल कोसळला, तेव्हां लोकांना पुनः बोटींचा आश्रय घ्यावा लागला. नवा पूल १९९२ मध्यें आणि तिसरा २०१९ मध्यें खुला झाला. आगबोटींची वाहतूक बंद पडली. १९९८ मध्यें कोकण रेल्वे पुरी झाल्यावर तिची उणीवही फारशी भासली नाहीं. सन २०११ च्या जनगणनेंत पालिकेच्या हद्दींत ४०,०१७ माणसें होतीं. भोंवतालची लागून असलेली वस्ती धरली तर हा आकडा १ लाख १४ हजारांच्या वर जातो. म्हणजे तिघांतले दोघे हद्दीबाहेर राहतात. ज्या ताळगांवांतून पणजी निघाली, त्याच ताळगांवच्या शेतमळ्यांवर आतां पणजीची वस्ती पसरली आहे.

हद्दीच्या आंत जमीन उरली नाहीं, म्हणून पाण्याच्या कडेकडे दृष्टि वळली. पाटो येथील खारट सखल भागावर भराव पडून बसतळ आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती झाल्या. कांपालच्या किनाऱ्यावर कला अकादमी उभी राहिली. सन २००४ मध्यें आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यांत आला, तेव्हां जुन्या वैद्यकशाळेच्या आवारांत चित्रपटगृहें झालीं आणि नदीकांठ नव्यानें सजविण्यांत आला. पात्रांत जुगाराचीं जहाजें नांगरलीं. त्यांतून सरकारला महसूल मिळाला आणि नगरवासीयांत मोठा वादही माजला. सन २०१६ मध्यें केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेंत पणजीची निवड झाली, आणि रस्ते उकरून नव्या नळांचीं व गटारांचीं कामें निघालीं.

सुशोभन वाईट नव्हे. बंदराचा व्यापार गेला म्हणून त्याचा कांठ ओसाड ठेवावा, असेंही कोणी म्हणणार नाहीं. प्रश्न आहे तो पाण्याच्या वाटेचा. पणजी ह्या नांवाचा अर्थ ‘कधीं न बुडणारी भूमि’ असा लोकांत सांगितला जातो. पण पावसाची जोराची सर आणि नदीची भरती एका वेळीं आली म्हणजे मळ्याच्या वस्तींत आणि १८ जून रस्त्यावर पाणी तुंबतें. सांतिनेजच्या खाडीचें पात्र अरुंद झालें आहे आणि तींत सांडपाणी मिसळतें. जेथें भरतीचें पाणी पूर्वीं पसरून विसांवत असे, त्या जागा भरावाखालीं गेल्या. नदीकांठचीं बांकें आणि दिवे सर्वांचे असतात. तुंबलेलें पाणी मात्र ज्यांचीं घरें सखल भागांत आहेत त्यांच्याच उंबऱ्यांत शिरतें. जुन्या गोव्याच्या विहिरींत जें घडलें, त्याचें बीज हेंच होतें: वाढीचा लाभ सर्वांनीं घ्यावा आणि घाण कोठें मुरते हें कोणींच पाहूं नये.

खाजनाचा बांध आणि शहराचा भराव ह्या दोहोंनीं पाण्यापासून जमीनच मिळते. पण पहिल्यांत पाण्यासाठीं दार ठेवलेलें असतें आणि त्या दाराची राखण साऱ्या गांवाकडे असते. दुसऱ्यांत दारही नाहीं आणि राखणदारही नाहीं. लिन्यारिशचा तो बांध-रस्ता जवळजवळ चारशें वर्षें झालीं तरी वापरांत आहे, आणि रायबंदराकडची वाहतूक अजून त्याच्यावरून चालते. त्याच्या कमानींखालून भरती आंत येते आणि ओहोटीला परत जाते. पणजीचा नवा कांठ आंखणाऱ्यांनीं दूरदेशींचे नमुने अवश्य पाहावेत. परंतु हा एक नमुना त्यांच्या वेशीवरच उभा आहे.