सोपाऱ्याचा उत्सव आणि दासीपुत्र पूर्ण

अलीकडच्या काळात ऐतिहासिक नगरांतून वारसा-उत्सव भरविण्याची प्रथा रूढ झाली आहे. लोकनृत्ये, खाद्यपदार्थांची दालने, जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांची प्रदर्शने यांतून त्या नगराची सांस्कृतिक विविधता लोकांसमोर मांडली जाते. पालघर जिल्ह्यातील नालासोपारा व वसई या परिसराला अशा उत्सवाचा अधिकार निश्चितच आहे. कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी कुपारी, आदिवासी, मुस्लिम, जैन आणि बौद्ध असे अनेक समाज येथे नांदतात. वैशाख पौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपापाशी उपासक-उपासिका जमतात. परंतु उत्सवात आपले स्थान कोणते, हा प्रश्न बौद्धांनी स्वतःला विचारला पाहिजे. अनेक रंगांपैकी एक रंग म्हणून आपण तेथे उभे राहायचे, की त्या नगराचा इतिहास सांगणारे म्हणून? याचे उत्तर सोपाऱ्याच्या इतिहासातच शोधणे इष्ट होय.

पालि वाङ्मयातील सुप्पारक व संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक ते हेच नगर. उदानात बाहिय दारुचीरिय या नगराजवळ समुद्रतीरी राहत होता, असे सांगितले आहे. महावंसानुसार लंकेला जाण्यापूर्वी विजयाची नौका येथेच लागली होती. पण त्याच्या अनुयायांच्या दांडगाईमुळे त्याला येथून निघावे लागले. तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे या कोकणपट्टीत, धम्मप्रचारासाठी पाठविलेल्या थेराचे नाव महावंसात योनक धम्मरक्खित असे आहे. योनक म्हणजे ग्रीक. आपल्या भूमीत धम्माचा उपदेश करणारा हा आचार्य परदेशी वंशाचा होता आणि त्याच्या वंशामुळे कोणाचे काही अडले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शिलालेखांची साक्षही तशीच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय संप्रदायातील भाणकाच्या दानाची नोंद आहे. कान्हेरीत पाण्याच्या पोढीचे दान करणारा एक उपासक सोपाऱ्याचा व्यापारी होता. नाशिकच्या लेण्यातील लेखात उषवदाताने शूर्पारकात पांथस्थांसाठी निवारे बांधल्याचे नमूद केले आहे. त्याने ब्राह्मणांना दाने दिली आणि भिक्षुसंघाला लेणेही दिले. या नगरातील विविधता केवळ शेजारीशेजारी राहण्यापुरती नव्हती, तर पाणी, निवारा आणि दान यांच्याद्वारे ती परस्परांच्या उपयोगी पडत होती.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तो स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आतील दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक ठेवलेले चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक मिळाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे 13 लहान तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि मैत्रेयासह आठ बुद्धांच्या मूर्ती होत्या. सोन्याच्या आत जपून ठेवलेली ती माती या नगराच्या श्रद्धेविषयी बरेच काही सांगते.

त्याच वर्षी येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षीच, मिळाला. चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन लेख सोपाऱ्याने जपले, आणि दोन्ही लेखांचा विषय उत्सवाशी निगडित आहे. अन्य स्थळी मिळालेल्या पाठांवरून त्यांचा पूर्ण आशय कळतो. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रा’ करीत, असे आठवा लेख सांगतो. येथे विहार म्हणजे भिक्षुनिवास नव्हे, तर मौज व मृगया. अभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीला गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतली. श्रमण-ब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, जनपदातील लोकांची भेट आणि धम्मचर्चा हे तिचे स्वरूप होते. आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी लोक नाना मंगले करतात, पण त्यांचे फळ अल्प असते, असे नवव्या लेखात म्हटले आहे. अशोकाच्या मते खरे धम्ममंगल म्हणजे दास व भृत्य यांच्याशी योग्य वर्तन, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान. सुत्तनिपातातील मंगलसुत्तातही मंगल आचरणातच सांगितले आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

या यादीत दासांचा उल्लेख प्रथम येतो. अशोकाने दास्य नष्ट केले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही उत्सवाची पहिली कसोटी त्याने सर्वांत खालच्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीत पाहिली.

या संदर्भात दिव्यावदानातील पूर्णाची कथा विशेष अर्थपूर्ण ठरते. पालि मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात सुनापरान्ताला निघालेला निर्भय भिक्षु आपणास भेटतो. त्याच्या जन्माची हकीकत तेथे नाही. दिव्यावदानात मात्र तो शूर्पारकातील एका धनिकाचा दासीपासून झालेला मुलगा आहे. वाटणीच्या वेळी सावत्र भाऊ त्याला वारस न मानता मालमत्तेत मोजतात. पुढे समुद्रप्रवासात श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांचे पठण ऐकून, ही कोणती गीते, असे तो विचारतो. ही गीते नव्हेत, हे बुद्धवचन आहे, असे त्याला सांगितले जाते. त्या उत्तराने त्याचे जीवन पालटते. ज्याला घरात वाटा नव्हता, त्याच्याच नावाने पुढे या नगराची कीर्ती बौद्ध जगात पसरली.

म्हणून वारसा-उत्सवात आपण सहभागी व्हावे, पण रंगमंचावरील एक गीत म्हणून नव्हे. स्तूप हा केवळ रोषणाईचा देखावा ठरू नये. शिलालेखांचे वाचन व्हावे, पूर्णाची कथा मुलांना सांगितली जावी आणि मंडप उभारणारे व दुसऱ्या दिवशी मैदान झाडणारे हात पाहुण्यांच्या पंक्तीत सन्मानाने बसावेत. परमपूज्य बाबासाहेबांनी बंधुभावाला लोकशाहीचा आधार मानले होते. ज्या उत्सवात आजच्या पूर्णाला वाटा मिळेल, तीच सोपाऱ्याची धम्मयात्रा होय. एरवी ती विहारयात्राच राहील.