फवारणी विमान : उड्डाणावेळी इंजिनाची शक्ती का घटते?

शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानासाठी उड्डाणानंतरचे पहिले अर्धे मिनिट सर्वाधिक धोक्याचे असते. औषधाची टाकी भरलेली, वेग कमी आणि उंची नगण्य. याच वेळी इंजिनाची शक्ती घटली, तर वैमानिकाच्या हाती जेमतेम काही सेकंद उरतात.

भारतात या वर्गातील 'एचए-३१ बसंत' हे विमान बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडने विकसित केले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० मध्ये स्थापन केलेल्या कारखान्याचा वारसा या कंपनीकडे आहे. 'बसंत'च्या पहिल्या आराखड्यात २५० अश्वशक्तीचे इंजिन होते. सुधारित आराखड्यात ४०० अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले व १९७२ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. उत्पादन १९८० मध्ये थांबले.

विरळ हवेचा परिणाम

इंजिनात कोणताही बिघाड नसतानाही शक्ती कमी पडू शकते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत टर्बोचार्जर नसलेल्या पिस्टन इंजिनाची शक्ती सुमारे एक दशांशाने घटते. तापमान ३५ अंश सेल्सियस असल्यास हवेची घनता सुमारे १,८५० मीटर उंचीवरील हवेइतकी होते. अशा वेळी ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून सुमारे ३२५ अश्वशक्तीच मिळते. पंख्याचा ओढ आणि पंखांची उचल हीदेखील कमी होते. परिणामी धावपट्टी अपुरी पडते.

अन्य कारणे

इंधनात पाणी मिसळणे, इंधनाचा झडप-खटका चुकीच्या स्थितीत राहणे, स्पार्क प्लगवर काजळी साचणे आणि मॅग्नेटोतील दोष ही नेहमीची कारणे होत. कच्च्या धावपट्टीवरील धुळीने हवेची गाळणी तुंबते. फवारणी विमान दिवसभरात अनेकदा चढते-उतरते. त्यामुळे प्रत्येक फेरीपूर्वीची तपासणी घाईत टाळली जाण्याचा संभव असतो.

बचावाचे उपाय

शक्ती घटताच विमानाचे नाक खाली करून वेग राखणे, ही पहिली कृती होय. मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह घातक ठरतो. कमी वेगात तीव्र वळण घेतल्यास पंखांची उचल नाहीशी होऊन विमान कोसळते. म्हणून समोरच्या मोकळ्या जागेतच उतरणे हितावह मानले जाते.

फवारणी विमानाला आणखी एक सोय असते. टाकीचा तळाचा दरवाजा उघडून औषध काही सेकंदांत खाली सोडता येते. एकूण वजन एक पंचमांशाने घटल्यास विमान तोलून धरणारा किमान वेग सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. मात्र भार एकदम सुटल्याने नाक वर उचलले जाऊ शकते. त्यासाठी वैमानिकाला सज्ज राहावे लागते.

उन्हाच्या वेळी टाकी अर्धवट भरणे आणि इंजिन पूर्ण शक्ती देत नसल्याचे जाणवताच धावपट्टीवरच उड्डाण रद्द करणे, हे सर्वांत स्वस्त व खात्रीचे उपाय आहेत.