निळ्या रेषेवरची पंचवीस वर्षं

टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं शहर. हॉकीची परंपरा कॅनडाची, मिनेसोटाची, बोस्टनची. दक्षिणेकडच्या या शहराची ती कधीच नव्हती. १९९८ मध्ये इथे नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा नवा संघ उतरला. नाव नॅशव्हिल प्रेडेटर्स. घरच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात तो फ्लोरिडाकडून ०-१ असा हरला. संघाचे जनरल मॅनेजर होते डेव्हिड पॉइल आणि प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ. पुढची पंचवीस वर्षं या क्लबने तरुण बचावपटू ज्या चिकाटीने शोधले आणि वाढवले, तशी चिकाटी त्या काळात फार थोड्या क्लबांनी दाखवली असेल.

आइस हॉकीत गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात. त्यातले दोन बचावपटू. सामन्यासाठी साधारण तीन जोड्या तयार ठेवतात आणि त्या आळीपाळीने उतरतात. आघाडीवीर चुकला तर सावरायला मागे माणसं असतात. बचावपटू चुकला तर मागे फक्त गोलरक्षक उरतो. समोरून वेगाने येणाऱ्या खेळाडूवर नजर ठेवून उलटं, मागे मागे स्केटिंग करायचं, पास कुठे जाणार हे आधीच ओळखायचं, आणि पक, म्हणजे खेळाची चकती, हाती लागताच क्षणात पहिला अचूक पास द्यायचा. हे अंगात मुरायला वेळ लागतो. बहुतेक बचावपटू तेवीस-चोवीस वर्षांचे झाल्यावर खऱ्या अर्थाने उभे राहतात. संघांना मात्र त्यांची निवड करावी लागते ती अठराव्या वर्षी, ड्राफ्टमध्ये.

हा ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा नाही. इथे बोली लागत नाही, क्रम ठरलेला असतो. आधीच्या मोसमात मागे राहिलेल्या संघांना ढोबळमानाने आधी संधी मिळते, आणि ज्याला निवडलं त्याच्याशी करार करण्याचा हक्क त्या संघाकडे राहतो. पैसा कमी असलेल्या संघाला इथेच बरोबरीने उभं राहता येतं. आणि बचावपटूचं मोल पॉइल यांनी वॉशिंग्टनमध्येच जाणलं होतं. १९८२ मध्ये तिथल्या कॅपिटल्स संघाची सूत्रं हाती येताच त्यांनी रॉड लँगवे हा बचावपटू मिळवला. लँगवेने पुढे लागोपाठ दोनदा सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली. पण तिथेच त्यांना एक घावही बसला. १९९० मध्ये स्कॉट स्टीव्हन्स या घडवलेल्या बचावपटूला सेंट लुईसने मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला. वॉशिंग्टनने तेवढीच रक्कम देऊन बरोबरी केली नाही आणि स्टीव्हन्स गेला.

नॅशव्हिलच्या सुरुवातीच्या वर्षांत बचावाचा कणा होता फिनलंडचा किम्मो टिमोनेन. लॉस एंजेलिसने त्याला १९९३ मध्ये थेट २५०व्या क्रमांकावर निवडलं होतं; नॅशव्हिलने तो १९९८ मध्ये पदरात पाडून घेतला. २००१ मध्ये १२व्या क्रमांकावर डॅन हॅमह्यूस आला. पण क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस मी २००३ च्या जूनमधला मानतो. तो ड्राफ्ट नॅशव्हिलमध्येच भरला होता. सातव्या क्रमांकावर त्यांनी रायन सूटर घेतला. विस्कॉन्सिनचा मुलगा, वडील १९८० च्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या अमेरिकन संघातले बचावपटू. ३७व्या क्रमांकावर केविन क्लाइन, आणि ४९व्या क्रमांकावर ब्रिटिश कोलंबियातल्या सिकामूस या छोट्या गावचा शे वेबर. म्हणजे वेबरच्या आधी नॅशव्हिलने स्वतःच तीन खेळाडू निवडले होते. अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून पुढचं कुणालाच नक्की सांगता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

म्हणूनच निवडीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व पुढच्या वर्षांना. मिलवॉकी अ‍ॅडमिरल्स हा प्रेडेटर्सचा दुय्यम संघ १९९८ पासून त्यांच्याशी जोडलेला. २००४ मध्ये त्याने आपल्या लीगचं विजेतेपद, कॅल्डर कपही जिंकला. नॅशव्हिलचे बहुतेक बचावपटू या शाळेतून गेले. सूटरने २००४-०५ चा मोसम तिथे काढला. वेबर त्या वर्षी केलोनाच्या ज्युनियर संघातच राहिला आणि पुढच्या मोसमात मिलवॉकीत बराच खेळून मगच वर स्थिरावला. सहा फूट चार इंचांचा हा गडी इतक्या ताकदीने फटका मारायचा, की २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याचा पक जाळी फाडून पलीकडे गेला. गोल झाला हे पंचांना व्हिडिओ पाहून ठरवावं लागलं.

वाढवायचं, आणि मग गमवायचं, हे या क्लबच्या नशिबी वारंवार आलं. २००७ मध्ये मालकी बदलाच्या वाटेवर होती, संघ शहरातून हलणार अशी भीती होती. त्याच उन्हाळ्यात टिमोनेनचे हक्क फिलाडेल्फियाला गेले. २०१२ चा जुलै त्याहून कठीण. सूटर १३ वर्षांच्या, ९ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर मिनेसोटाला गेला आणि नॅशव्हिलच्या हाती काहीच लागलं नाही. दोनच आठवड्यांत फिलाडेल्फियाने वेबरपुढे १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला. बरोबरी केली नसती तर बदल्यात पहिल्या फेरीच्या चार निवडी मिळाल्या असत्या. लहान बाजारपेठेच्या क्लबला तो मोह साधा नव्हता. नॅशव्हिलने बरोबरी केली, वेबर राहिला. पॉइल यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धीराचा निर्णय माझ्या मते हाच. आपण घडवलेल्या माणसाची किंमत आपण मोजू शकतो, हे त्या दिवशी लीगला आणि शहरातल्या प्रेक्षकांनाही कळलं.

तोवर पुढची पिढी तयार होत होती. २००८ मध्ये ३८व्या क्रमांकावर स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा रोमन योसी, २००९ मध्ये ११व्या क्रमांकावर रायन एलिस आणि १०२व्या क्रमांकावर स्वीडनचा मत्तियास एकहोल्म. त्याच ड्राफ्टमध्ये ४२व्या क्रमांकावर घेतलेला बचावपटू एनएचएलमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. एलिस उंचीने लहान, जेमतेम पाच फूट दहा. तो निवडीनंतर आणखी दोन वर्षं विंडसरच्या ज्युनियर संघात खेळला. एकहोल्म २०१३-१४ मध्ये कायमचा संघात आला, म्हणजे निवडीनंतर चार वर्षांनी. २०१३ पासून चार मोसम या सगळ्यांना फिल हाउसलीसारखा सहप्रशिक्षक लाभला. हाउसली स्वतः बचावपटू, आणि गोल व गोलला हातभार लावणारे पास मिळून १२०० हून अधिक गुण मिळवलेला. बचावपटूने चढाईत सामील व्हावं, हा त्याच्या खेळाचाच स्वभाव होता.

सूटर गेल्यानंतरच्या खराब मोसमाने २०१३ मध्ये चौथी निवड दिली, तिच्यातून बचावपटू सेथ जोन्स आला. २०१६ च्या जानेवारीत जोन्सच्या बदल्यात कोलंबसकडून सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर, रायन योहान्सन मिळाला, आणि जूनमध्ये खुद्द वेबर मॉन्ट्रियलला देऊन पी. के. सुबान आणला. वर्षभरात प्रेडेटर्स प्रथमच स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत होते. योसी, एलिस, एकहोल्म, सुबान ही बचावफळी तेव्हा लीगमधल्या उत्तम फळ्यांत गणली जायची. तिघं घरचे, चौथा घरच्या माणसाच्या बदल्यात आलेला, आणि पहिल्या ओळीचा सेंटरही बचावपटू देऊनच मिळवलेला. पिट्सबर्गने त्यांना अंतिम फेरीच्या मालिकेत ४-२ असं हरवलं. बचावाची श्रीमंती आघाडीची उणीव पूर्ण भरून काढत नाही, ही टीका या क्लबवर नेहमी झाली आणि तिच्यात तथ्य आहे. इतके बचावपटू घडवणाऱ्या पॉइल यांना ड्राफ्टमधून तशाच तोडीची आघाडी उभी करता आली नाही.

योसीने २०२० मध्ये नॉरिस ट्रॉफी जिंकली, क्लबची पहिलीच. वेबर त्याआधी दोनदा दुसरा आला होता. २०२१-२२ मध्ये योसीने ९६ गुण मिळवले. त्याआधी जवळजवळ तीस वर्षांत कोणत्याही बचावपटूने इतके गुण मिळवले नव्हते. एलिस आणि एकहोल्म मात्र पुढे दुसऱ्या संघांत गेले.

जून २०२३ चा ड्राफ्ट पुन्हा नॅशव्हिलमध्ये भरला. जनरल मॅनेजर म्हणून पॉइल यांचा तो शेवटचा, आणि पहिल्या फेरीत २४व्या क्रमांकावर त्यांच्या क्लबने बचावपटूच घेतला, टॅनर मोलेंडिक. १ जुलैपासून सूत्रं बॅरी ट्रॉट्झ यांच्याकडे आली. स्टॅन्ली कप क्लबला अजून मिळालेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोरांटोत हॉकी हॉल ऑफ फेमने डेव्हिड पॉइल आणि शे वेबर या दोघांना एकाच समारंभात सामावून घेतलं.