मूलभूत चौकटीचे कुळ

चंडीगडच्या उच्च न्यायालयाची वंशावळ सिमल्यामार्गे लाहोरच्या उच्च न्यायालयापर्यंत जाते, हे सर्वश्रुत आहे. परंतु घटनेत दुरुस्ती करणाऱ्या संसदेलाही तिचा गाभा नष्ट करता येत नाही, हा जो सिद्धांत निरंकुश सत्तेच्या वाटेतील भक्कम अडसर ठरला, त्याचा एक धागाही त्याच लाहोरी परंपरेतील न्यायाधीशापाशी पोहोचावा, याचे मला अजून नवल वाटते.

पंडित या सिद्धांताचे जन्मस्थान जर्मनी मानतात. नाझी अमलाने पोळलेल्या त्या देशाने १९४९ च्या घटनेतील काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली. जर्मन विधिज्ञ डीट्रिख कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस येथील व्याख्यानात हा विषय मांडला, आणि नंबियार वकिलांनी तो गोलकनाथ खटल्यात नेला. वाद बिनतोड वाटतो, पण तारखा आड येतात. सज्जनसिंह खटल्याचा निकाल ३० ऑक्टोबर १९६४ चा. त्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताने संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार उचलून धरला असता, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात असलेल्या न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी, निर्णयाशी सहमत राहूनही, घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यातील बदलास दुरुस्ती म्हणावे की पुनर्लेखन, अशी शंका नोंदवली, आणि आधार घेतला तो पाकिस्तानी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या फजलुल कादर चौधरी निकालाचा. तेथील सरन्यायाधीश कॉर्नेलियस हे एकेकाळचे लाहोरचे न्यायाधीश. अडचणी दूर करण्याच्या निमित्ताने राष्ट्राध्यक्ष अयुबखानांना घटनेचे मूळ रूप बदलता येणार नाही, असा तो निकाल होता. न्यायमूर्ती खन्नांनी १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात कॉनराडांचा हवाला दिला, हे मान्य; पण बीज आधीच पडले होते, आणि जर्मनीने त्याला खतपाणी घातले, एवढेच मी मानतो.

गोलकनाथ खटला तर मुळात पंजाबचाच. जालंधरच्या त्या कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन, प्रत्येकी तीस प्रमाणित एकर वगळता, १९५३ च्या कायद्याने अतिरिक्त ठरली होती. १९६७ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी मूलभूत हक्क अबाधित ठरले. १९७३ मध्ये केशवानंद निकालाने, सात विरुद्ध सहा मतांनी, त्याऐवजी मूलभूत चौकट आणली.

पुढे आणीबाणीत, जयप्रकाश नारायण चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध असताना, ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायकक्षेबाहेर नेणारे एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतील कलम याच चौकटीच्या आधारे रद्द केले. निवडणूक मात्र वैध ठरवली.